गिरिस्थान निवासगृह विमा

थंड हवेच्या वा हिमाच्छादित पर्वतप्रदेशांत पर्यटकांच्या निवासाची सोय करणाऱ्या हॉटेले, विश्रामगृहे इत्यादींना इमारत, सामानसुमान, उत्पन्न व पाहुण्यांविषयीची कायदेशीर जबाबदारी यांबाबत संभवणाऱ्या हानीविरुद्ध संरक्षण देणारी व्यवस्था. हा एकच विमाप्रकार नसून अनेक विमापत्रांचा समुच्चय असतो.

मालमत्तेचा विमा : याचा पाया आगीचा विमा हा होय. आगीबरोबरच वीज, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे ही संकटेही प्रमाणित विमापत्रात येतात. सदोष आराखडा वा बांधकाम यांमुळे जमीन खचून झालेली हानी मात्र वगळलेली असते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ व त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ ही विमापत्रे उपलब्ध झाली. गुलमर्ग, औली यांसारख्या ठिकाणी हिमलोटाचा धोका विमापत्रात स्पष्टपणे अंतर्भूत आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते. स्वित्झर्लंडच्या १९ कँटनांत इमारतींचा विमा सार्वजनिक संस्थांमार्फत उतरविला जातो व त्यात हिमलोटाचा समावेश असतो.

विम्याची रक्कम मालमत्तेच्या मूल्याहून कमी असल्यास भरपाई त्याच प्रमाणात घटते. १ कोटी रुपये मूल्याच्या इमारतीचा ६० लाखांचा विमा असताना २० लाखांची हानी झाली, तर सरासरीच्या तत्त्वानुसार १२ लाखच मिळतात. उपर्युक्त दोन्ही विमापत्रांत १५ टक्क्यांपर्यंतच्या न्यूनविम्याची सूट आहे. हंगामी व्यवसायात आणखी एक अट महत्त्वाची असते : आगीच्या रूढ प्रमाणित विमापत्रानुसार इमारत ३० दिवसांहून अधिक काळ निर्वास राहिल्यास, विमा कंपनीची पूर्वसंमती नसेल, तर संरक्षण संपुष्टात येते.

उत्पन्नहानीचा विमा : नवी मुंबईच्या पूर्वेस, रायगड जिल्ह्यात सु. ८०० मी. उंचीवर वसलेल्या माथेरानचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नेरळ–माथेरान लोहमार्गाची मोठी हानी झाली व गाडी २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा प्रसंगी निवासगृहाची भिंतही पडलेली नसते, तरी पाहुण्यांचा ओघ आटतो. सर्वसामान्य उत्पन्नहानी विमा विमित मालमत्तेस प्रत्यक्ष इजा झाली असेल तरच लागू होतो. मार्ग बंद पडल्याने होणाऱ्या हानीसाठी जादा हप्ता भरून विस्तार घ्यावा लागतो. याच कारणाने २०२० च्या टाळेबंदीतील हानी अशा विम्याच्या कक्षेबाहेर राहिली. याच जिल्ह्यातील तळिये (२०२१) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडींनी डोंगरउतारावरील वस्तीचा धोका अधोरेखित केला आहे.

उत्तरदायित्वाचा विमा : पाहुण्यास इजा होणे, अन्नातून विषबाधा होणे, त्याची वस्तू गहाळ होणे यांबाबतची जबाबदारी मालकावर येऊ शकते. पाहुण्याने हॉटेलच्या सेवकाकडे सोपविलेल्या मोटारीच्या चोरीबद्दल हॉटेल उत्तरदायी ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. आवारातील सूचनाफलक निष्काळजीपणापासून मालकास वाचवीत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून मालमत्तेच्या विम्याला उत्तरदायित्वाच्या विम्याची जोड देणे लहान व्यावसायिकासही आवश्यक असते.