भूकंपानंतरचा वसंत

जपान हा बेटांचा देश होय. हिवाळा सरला, की मार्चच्या अखेरीस तेथे साकुरा, म्हणजे चेरीची झाडे फुलू लागतात. पाने फुटण्यापूर्वीच फांद्या फिकट गुलाबी फुलांनी झाकून जातात. हा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो आणि एका ठिकाणी जेमतेम आठवडाभर टिकतो. तो पाहण्यासाठी आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सारे कुटुंब बाहेर पडते, झाडाखाली चटई अंथरते आणि घरून आणलेले जेवण जेवते. या रीतीला 'हानामी', म्हणजे पुष्पदर्शन असे नाव आहे. तेथील शाळांचे नवे वर्षही एप्रिलमध्येच सुरू होते. म्हणून साकुराचा बहर मुलांना नव्या आरंभाची खूण वाटतो.

२०११ सालचा वसंत मात्र निराळा होता. त्या वर्षी ११ मार्च रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी देशाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्राखाली अतिशय तीव्र भूकंप झाला. सागराचा तळ एकाएकी उचलला गेल्यामुळे पाण्याच्या प्रचंड लाटा किनाऱ्यावर धावून आल्या. अशा लाटांना 'त्सुनामी' म्हणतात. या आपत्तीत अठरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. रिकुझेनताकाता या लहानशा शहराच्या किनाऱ्यावर पाइन वृक्षांचे सुमारे सत्तर हजार झाडांचे जुने बन होते. त्यातील एकच झाड उभे राहिले.

घरे वाहून गेलेली कुटुंबे शाळांच्या व्यायामगृहांत राहू लागली. एका कुटुंबाच्या वाट्याला काही घोंगड्यांपुरती जागा येई. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा असे. तरीही जपानी घरातील शिस्त तेथे मोडली नाही. आत येताना प्रत्येक जण दाराशी पादत्राणे काढी. कोणी पाणी आणी, कोणी भाताचे गोळे वाटी, कोणी केर काढी. केसेननुमा गावी तर आश्रयस्थानातील लहान मुलांनी हाताने लिहिलेले एक भित्तिपत्रक सुरू केले. त्यात दुःखाचा मजकूर लिहायचा नाही, असा त्यांचा नियम होता. आज जेवणात काय होते, अशा साध्या वार्ता वाचून मोठी माणसेही क्षणभर हसत.

एप्रिल आला. एवढा शोक असताना हानामी करावी काय, असा प्रश्न देशभर लोकांना पडला. अनेक ठिकाणचे उत्सव रद्द झाले. परंतु ईशान्येकडील काही उत्पादकांनीच विनंती केली, की सण थांबवू नका; आमचा माल घ्या, म्हणजे आमचे हात पुन्हा कामाला लागतील. याच सुमारास त्या भागातील साकुरा फुलला. लांबणीवर पडलेल्या शाळाही उघडू लागल्या, आणि दूरदूरच्या लोकांनी पाठविलेली दप्तरे पाठीवर घेऊन मुले वर्गात गेली.

या किनाऱ्यावर पूर्वीही अशा लाटा आल्या होत्या. १९३३ सालच्या लाटेनंतर आनेयोशी या खेड्यात लोकांनी एक शिळा उभारली आणि तिच्या खालच्या बाजूस घर बांधू नये, असे तीवर कोरून ठेवले. वंशजांनी ते मानले, म्हणून २०११ साली तेथील घरे वाचली. परंतु अन्यत्र अशा कित्येक शिळा गवतात लपल्या होत्या आणि त्यांवरील बोल विसरले गेले होते.

म्हणून रिकुझेनताकाता येथील तरुणांनी निराळा मार्ग शोधला. लाटा जेथपर्यंत पोहोचल्या, त्या सीमेवर दर १० मीटरवर साकुराचे एक झाड लावायचे, असा संकल्प त्यांनी त्याच वर्षी केला. ही रेषा सुमारे १७० किलोमीटर लांब असून तीवर सतरा हजार झाडे लागतील. शिळा एकदा रोवली, की काम संपते. रोपट्याला मात्र वर्षानुवर्षे पाणी घालावे लागते, गवत काढावे लागते. ती निगा राखताना आठवणही जागी राहते.

त्या भागात 'त्सुनामी तेन्देन्को' असे एक जुने वचन आहे. लाट येताच प्रत्येकाने कोणाचीही वाट न पाहता उंच जागी धावावे, असा त्याचा आशय. हे वचन प्रथम निष्ठुर वाटते. पण आई सुरक्षित जागी गेली असेल, असा मुलाला विश्वास असेल, आणि मूल धावले असेल, असा आईला, तरच दोघेही वाचतात. असा विश्वास संकटाच्या क्षणी निर्माण होत नाही. कुठे पळावयाचे आणि कुठे भेटावयाचे, हे घरात आधी बोलून ठरवावे लागते. वसंतात फुललेली साकुराची ती रांग हे बोलणे सुचविते. भूकंप झाला तर या झाडांच्या वर चढावयाचे, एवढे तिच्याखाली जेवावयास बसलेल्या लहान मुलालाही सहज समजते.