बाँडच्या हातातले भलतेच पिस्तूल

'डॉक्टर नो' हा पहिला बाँडपट १९६२ सालचा. त्यात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. लंडनच्या कचेरीत बाँडचे साहेब, म्हणजे 'एम', त्याला फैलावर घेतात. तुझ्या बेरेटाने ऐन वेळी दगा दिला, सहा महिने इस्पितळात काढलेस, आता ते पिस्तूल इथे ठेव. मग मेजर बूथ्रॉइड नावाचा शस्त्रांचा जाणकार आत येतो आणि नवे हत्यार पुढे करतो. वॉल्थर पीपीके, ७.६५ मिलिमीटर. बाँड नाखुशीने ते घेतो आणि निघता निघता टेबलावरचे जुने बेरेटाही हळूच लांबवायला बघतो. साहेबांची नजर पक्की. ते तिथेच अडवतात.

हा प्रसंग इतका गाजला की पीपीके ही तीन अक्षरे बाँडच्या नावाला कायमची चिकटली. कॅमेऱ्यासमोर जे पिस्तूल होते ते मात्र पीपीके नव्हतेच. ते होते वॉल्थर पीपी. थोरल्या भावासारखे दिसणारे, सुमारे दीड सेंटिमीटर जास्त लांब नळीचे, मूठही मोठी. बदललेल्या बेरेटाची कथा तर आणखी मजेदार. कादंबरीत बाँडजवळ .२५ कॅलिबरचे चिमुकले बेरेटा असते. पडद्यावर वापरले ते १९३४ चे मॉडेल, ९ मिलिमीटर आखूड काडतुसाचे. म्हणजे साहेबांनी बाँडच्या हातातले अधिक दणकट काडतुसाचे पिस्तूल काढून घेतले आणि त्याहून हलके दिले, वर सुधारणा केल्याचा आव आणला! प्रेक्षकांतल्या कुणालाही त्याचे काही वाटले नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते. बाँडपटातली बंदूक संवादात असते. हातात असते ती, त्या दिवशी सेटवर जी मिळाली ती. साठ वर्षांचे बाँडपट मी पुन्हा पुन्हा पाहिले ते बव्हंशी याच गमतीसाठी.

या गमतीचे मूळ एका पत्रात आहे. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी 'कसिनो रॉयाल' १९५३ साली आली. तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, ग्लासगोच्या जेफ्री बूथ्रॉइड नावाच्या एका बंदूकवेड्या वाचकाचे पत्र त्याला गेले. सूर आदबशीर, पण मजकूर झोंबणारा. तुमचा नायक आवडतो, त्याची हत्यारांची निवड मात्र आवडत नाही, ते .२५ चे बेरेटा बायकांनी पर्समध्ये ठेवायचे. एखाद्या लेखकाने असले पत्र केराच्या टोपलीत टाकले असते. फ्लेमिंग पत्रकार होता, युद्धकाळात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेला होता. तपशिलाची किंमत त्याला कळत होती. त्याने उलट टपाली सल्ला मागितला. पत्रव्यवहार वाढत गेला आणि १९५८ च्या 'डॉक्टर नो' कादंबरीत एक नवे पात्र आले: मेजर बूथ्रॉइड, शस्त्रांचा तज्ज्ञ. वाचकाच्या तक्रारीची परतफेड इतक्या दिलदारपणे क्वचितच होते.

पण फ्लेमिंगने सल्ला ऐकला तो अर्धवट. बूथ्रॉइडची खरी पसंती होती स्मिथ अँड वेसनचे आखूड रिव्हॉल्व्हर आणि ते ठेवायला बर्न्स-मार्टिन कंपनीचे होल्स्टर. फ्लेमिंगला रिव्हॉल्व्हर रुचेना, त्याला चपळ दिसणारे ऑटोमॅटिक हवे होते. म्हणून पत्रव्यवहारात आलेले वॉल्थर पीपीके त्याने उचलले आणि होल्स्टर मात्र बर्न्स-मार्टिनचेच ठेवले. ते होल्स्टर रिव्हॉल्व्हरच्या गोल चकतीला धरून ठेवण्यासाठी बनवलेले. सपाट ऑटोमॅटिक त्यात बसणार कसे? कागदावर सगळे बसते.

त्या रिव्हॉल्व्हरचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी चित्रकार रिचर्ड चॉपिंगला नमुना हवा होता. बूथ्रॉइडने आपले स्वतःचे .३८ चे स्मिथ अँड वेसन, चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भाग कापलेले, त्याच्याकडे पाठवले. नेमक्या त्याच सुमारास ग्लासगोजवळ तीन जणांचा गोळ्या घालून खून झाला. तसल्याच कॅलिबरचे हत्यार नावावर असलेल्या बूथ्रॉइडच्या दारात पोलीस हजर. पिस्तूल कुठे आहे? चित्र काढायला दिले आहे. या उत्तरावर त्या हवालदारांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना करून पाहावी. खुनाशी त्या रिव्हॉल्व्हरचा काडीचाही संबंध नव्हता. गुलाबासोबतचे त्याचे चित्र पुढे पुस्तकांच्या जगात प्रसिद्ध झाले.

आता खऱ्या पीपीकेकडे वळू. जर्मनीच्या कार्ल वॉल्थर कारखान्याने १९२९ मध्ये पीपी काढले आणि पाठोपाठ त्याची आखूड आवृत्ती पीपीके. दोन्ही पोलिसांसाठीच. साध्या वेशातल्या गुन्हे अन्वेषण पोलिसाच्या कोटाखाली दिसू नये, एवढ्यासाठी ते आखूड केलेले. चेंबरमध्ये काडतूस भरून घोडा खाली ठेवता येतो आणि वेळ आली की नुसता चाप ओढला तरी पहिली गोळी सुटते, ही त्या काळात मोठी सोय होती. बाकी ते मध्यम प्रतीचे, हलक्या गोळीचे पिस्तूल.

त्याची खरी परीक्षा २० मार्च १९७४ रोजी लंडनमध्ये झाली. राजकन्या ॲन पतीबरोबर बकिंगहॅम राजवाड्याकडे परतत असताना मॉल रस्त्यावर एका माणसाने आडवी गाडी घालून त्यांची मोटार अडवली. तिला पळवून न्यायचा त्याचा बेत होता. अंगरक्षक जेम्स बीटन उतरला. त्याच्याजवळ होते वॉल्थर पीपीके. खांद्याला गोळी लागलेली असताना त्याने एक गोळी झाडली, ती चुकली, आणि मग पिस्तूल अडकले. हातात मुके हत्यार घेऊन तो राजकन्येच्या आणि हल्लेखोराच्या मध्ये उभा राहिला आणि आणखी गोळ्या झेलल्या. तो वाचला, त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. लंडनच्या पोलिसांनी पीपीके वापरातून काढून टाकले. सिनेमात अडकलेल्या बेरेटाच्या जागी जे भरवशाचे म्हणून दिले होते, ते खऱ्या रस्त्यावर अडकले. पडद्यावर मात्र रॉजर मूर त्याच वर्षी तेच पिस्तूल मिरवत होता.

पडद्यावरच्या चुकांचा शिरोमणी माझ्या मते 'डॉक्टर नो'मधलाच. रात्रीच्या अंधारात खलनायकाचा साथीदार प्रोफेसर डेंट येतो आणि बाँड झोपला आहे असे समजून बिछान्यात सहा गोळ्या घालतो. बाँड दाराआड बसलेला. डेंट पायाने गालिचा ओढत ओढत पडलेले पिस्तूल जवळ आणतो, चाप दाबतो, आणि काहीच होत नाही. बाँड थंडपणे ऐकवतो की हे स्मिथ अँड वेसन आहे आणि तुझ्या सहा गोळ्या झाल्या. प्रसंग अप्रतिम. पण डेंटच्या हातात आहे कोल्ट १९११ च्या घाटाचे ऑटोमॅटिक, ज्याच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावतात. संवाद रिव्हॉल्व्हर समजून लिहिला होता आणि सेटवर हाती लागले हे. ज्या माणसाने गोळ्या मोजून जीव वाचवला, त्याची मोजणी चुकलेली! आणि त्यानंतर बाँड डेंटला ज्याने मारतो तेही वॉल्थर नव्हे, बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे सायलेन्सर लावलेले पिस्तूल आहे.

पुढच्याच वर्षी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' आला. त्यात बाँडच्या पेटीतल्या घडीच्या रायफलीची ओळख संवादात .२५ अशी करून दिली जाते. ती आर्मालाइटची एआर-७ रायफल, खरी .२२ ची. तिची नळी आणि यंत्र सुटे करून दस्त्याच्या पोकळीत ठेवता येते. विमान कोसळल्यास वैमानिकाला शिकारीसाठी उपयोगी पडावी, ही त्या रचनेमागची कल्पना. सिनेमात तिने हेलिकॉप्टर पाडले.

हे झाले नावांचे. सेटवर ही हत्यारे चालतात कशी, तेही पाहण्याजोगे आहे. ब्लँक काडतुसात दारू असते, गोळी नसते. तोंड चुणून किंवा कागदी बुच लावून बंद केलेले. रिव्हॉल्व्हरला एवढे पुरते. ऑटोमॅटिकची पंचाईत वेगळी. खऱ्या पिस्तुलात गोळी नळीत अडून राहिल्यामुळे वायूचा दाब वाढतो आणि तोच दाब स्लाइड मागे ढकलून पुढचे काडतूस भरतो. गोळीच नसली तर वायू फुस्सदिशी निघून जातो आणि स्लाइड जागची हलत नाही. म्हणून आर्मरर, म्हणजे सेटवरची हत्यारे सांभाळणारा, नळीत आतून अडसर बसवतो आणि त्याला बारीकसे छिद्र ठेवतो. शिवाय आगीचा लोळ हा कॅमेऱ्याचा वेगळा ताप. सेकंदाला चोवीस चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्याचे झाकण निम्मा वेळ मिटलेले असते, आणि नळीच्या तोंडची ज्वाळा त्या मिटलेल्या क्षणातच विझून जाऊ शकते. म्हणून भडक पेटणारी जास्तीची दारू भरतात. धावपळीच्या, पडझडीच्या दृश्यांत रबरी साचातले पिस्तूल असते, कारण खऱ्या पोलादावर आपटून स्टंटवाल्याची बरगडी मोडते.

दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाशी खेळलेल्या आपल्याला ब्लँक म्हणजे मोठी टिकली वाटते. ते खरे नाही. १९८४ साली 'कव्हर अप' या अमेरिकी हेरमालिकेच्या सेटवर जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने थट्टेत .४४ मॅग्नम कानशिलाला लावून चाप ओढला. आत ब्लँकच होते. बाहेर आलेल्या वायूच्या दणक्याने कवटी फुटली आणि काही दिवसांनी तो गेला. १९९३ मध्ये नट ब्रँडन ली चित्रीकरणात गेला, कारण बनावट काडतुसातली गोळी आधीच नळीत अडकली होती आणि मागून ब्लँक उडाले. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रकार हलाइना हचिन्स हिला चक्क खरी गोळी लागली आणि त्यासाठी आर्मरर महिलेला पुढे अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हल्ली वायूवर चालणारी खेळण्यातली पिस्तुले वापरून आग संगणकावर रंगवायचा कल वाढतो आहे. दिसायला थोडे कमी खरे, पण माझी हरकत नाही.

हत्यार बदलले की बाजारही बदलतो, हे वॉल्थरवाल्यांना नीट कळले होते. उदयपूरला चित्रित झालेल्या १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त बाँडने त्यांचे नवे पी५ वापरले. १९९७ च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज'मध्ये पियर्स ब्रॉस्ननने पी९९ उचलले. नेमक्या त्याच वर्षी डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगायला बंदी आली. चित्रपटांना परवानाधारक आर्मररच्या देखरेखीखाली सवलत होती, त्यामुळे ज्या देशात पिस्तूल विकत मिळेना, त्याच देशाचा नायक त्याची जाहिरात करत राहिला. २००८ मध्ये 'क्वांटम ऑफ सोलेस'ने पीपीके परत आणले. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये मुठीला तळहात ओळखणारा संवेदक बसवला. मकाऊच्या कसिनोत गुंड ते हिसकावून चाप ओढतो आणि पिस्तूल त्याला दाद देत नाही. अर्थात बारकाईने पाहिले तर तेही पीपीके नव्हे, पीपीके/एस. अमेरिकेच्या १९६८ च्या आयात कायद्यात पीपीकेची उंची काही मिलिमीटरने कमी भरली, म्हणून पीपीचा सांगाडा आणि पीपीकेची नळी जोडून केलेला हा संकर.

नुसत्या कल्पनेतून जन्मलेले हत्यार म्हणाल तर १९७४ च्या बाँडपटातले सोनेरी पिस्तूल. लायटर, सिगारेटची डबी, पेन आणि कफलिंक जोडून खलनायक स्कारामांगा ते उभे करतो. गोळी पट्ट्याच्या बक्कलात. त्याचे नमुने तीन केले होते: एक अखंड घडवलेला, एक सुटा होऊन जुळणारा, आणि एक टिकली उडवणारा. हे पिस्तूल कोणत्या कारखान्याचे, कोणत्या कॅलिबरचे, असला वादच नाही. इथे संवादात आणि हातात एकच वस्तू आहे. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या गोदामातून त्यातले एक चोरीला गेले. किंमत ८०,००० पौंड सांगितली गेली.

लिलावाच्या बाजारात याहून मोठे चमत्कार झाले आहेत. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातीसाठी शॉन कॉनरीचे फोटो काढायचे होते. सगळे जमले, पिस्तूल आणायचे राहून गेले. छायाचित्रकार डेव्हिड हर्न हौशी नेमबाज होता. त्याच्याजवळ वॉल्थरचेच एलपी-५३ होते, छर्ऱ्यांचे हवेचे पिस्तूल, लांबलचक नळीचे. नळी नंतर चित्रात छाटू असे ठरले आणि ती छाटायची राहूनच गेली. जगभरच्या भित्तिचित्रांवर बाँड छर्ऱ्यांचे पिस्तूल गालाशी धरून उभा राहिला आणि पुढच्या चित्रकारांनी त्या लांब नळीचीच नक्कल केली. चित्रपटाच्या एकाही चौकटीत नसलेले ते पिस्तूल २०१० मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात २,७७,२५० पौंडांना गेले. कॉनरी वारल्यावर डिसेंबर २०२० मध्ये 'डॉक्टर नो'मधले वॉल्थर पीपी अमेरिकेत विकले गेले ते २,५६,००० डॉलरला, पौंडांत मोजले तर दोन लाखांच्याही आत.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनमधल्या एका घरातून चोरांनी बाँडपटांतली पाच हत्यारे पळवली. त्यांत 'अ व्ह्यू टू अ किल'मधले वॉल्थर होते, 'लिव्ह अँड लेट डाय'मधले .४४ चे रिव्हॉल्व्हर होते. सगळी कायद्याप्रमाणे कायमची निकामी केलेली. पाचांतले एकही गोळी झाडू शकत नव्हते, आणि किंमत एक लाख पौंडांच्या घरात होती.