पालीची आयडेंटिटी!

दाजीपूरच्या ट्रीपला भर दुपारी दगडावर एक पाल दिसली. रूममेट म्हणाला, "भावा, आपल्या ट्यूबलाईटमागचीच हाय ही, फिरायला आलीया!" सगळे हसले. पण ती 'आपली' नव्हती!

होस्टेलच्या पालीच्या बोटांखाली रुंद, चिकटणाऱ्या पट्ट्या असतात आणि उजेडात तिच्या डोळ्याची बाहुली उभ्या चिरेसारखी होते. दाजीपूरवालीची बाहुली गोल, बोटं बारीक नि वाकडी. हा 'निमॅस्पिस' गट, मुख्यतः दिवसा फिरणारा. त्यातली एक जात २००९ साली वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी जगापुढे मांडली. नाव ठेवलं 'निमॅस्पिस कोल्हापूरेन्सिस'! नराच्या एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत बारीक छिद्रांची सलग ओळ, आणि शेपटीकडचे खवले उजेडात सीडीच्या पाठीसारखे सप्तरंगी. मी पाहिली ती हीच होती का? छिद्रं मोजायला ती थांबली नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही.

प्राणिशास्त्रवाले आपल्यासारखेच मोजमापवाले. फरक एवढाच, की ते खवले मोजतात. पण मोजूनही घोटाळा होतो. वर्कशॉपमध्ये एम-८ आणि ५/१६ चे बोल्ट शेजारी ठेवा, डोळ्यांना सारखेच. नट फिरवला की आटे अडकतात. इथे आट्यांचं काम डीएनए करतो. पालींसाठी बऱ्याचदा मायटोकॉन्ड्रियातला 'एनडी-२' जीन वाचतात, साधारण हजार अक्षरांचा. तो भराभर बदलतो, म्हणून जवळच्या नात्यातला फरकही दिसतो. पण तो फक्त आईकडून येतो, अर्धीच वंशावळ सांगतो. शिवाय अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, असा पक्का नियम नाही. म्हणून शरीर आणि जीन, दोन्ही साक्षीदार लागतात. (फॉर्मॅलिनमधल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए बिघडलेला असतो, म्हणून आता आधी थोडा ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात.)

२०१९ मध्ये अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांनी असे दोन्ही पुरावे देऊन 'निमॅस्पिस अंबा' ही जात नोंदवली. नाव आपल्या शाहूवाडीतल्या आंबा गावावरून.

"पालीला नाव देऊन काय मिळतं?" असं मेसमध्ये एकाने विचारलंच. यातल्या कित्येक जाती एखाद्या घाटापुरत्या, एखाद्या सड्यापुरत्या असतात. आणि आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांखाली बॉक्साइट आहे. सगळ्यांना नुसतं 'पाल' म्हटलं तर एका खाणीत अख्खी जात जाईल, आणि कागदावर काहीच कमी झालेलं दिसणार नाही.

तोवर रात्री ट्यूबलाईटमागच्या पालीवर टॉर्च मारून बघा. उभी चीर दिसेल.