वीट की भुकटी?

गाय चिंध्या चघळू लागली, भिंत चाटू लागली की आमच्याकडे म्हणतात, "तिला खोड लागली." जंतांमुळेही असे होते, परंतु पुष्कळदा ती खोड नसून भूक असते. वैरणीची नव्हे, क्षारांची! फॉस्फरस कमी पडला म्हणजे जनावर हाडे, चामडेही चघळते.

ही तूट का येते? गाईच्या एक लिटर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. दहा लिटरची गाय रोज १२ ग्रॅम देऊन टाकते. कडब्यात फॉस्फरस थोडा. उसाच्या वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते व अंगी लागू देत नाही. मग दूध घटते, गाय वेळेवर माजावर येत नाही.

यावर उपाय दोन : गव्हाणीशी टांगायची चाटणवीट आणि आंबोणात कालवायची क्षारमिश्रणाची भुकटी. वीट सोयीची खरी. सांडत नाही, रोज मोजावी लागत नाही. पण तिच्यात बहुधा मोठा भाग मिठाचा असतो. जनावर चाटते ते मिठाच्या ओढीने. ती ओढ भागली की थांबते. फॉस्फरस किती हवा, हे जिभेला कळत नाही. शिवाय दावणीला मारकी गाय असेल तर गरिबाच्या वाट्याला वीट येतच नाही.

आमच्या घरी दोन किलोची वीट तीन महिने पुरली. "बरकतीची निघाली," असे आई कौतुकाने म्हणे. एके दिवशी मी हिशेब मांडला. दुभत्या गाईला रोज साधारण ५० ग्रॅम क्षारमिश्रण लागते. वीट निव्वळ क्षारांची धरली तरी ती ४० दिवसांत संपायला हवी होती. आमच्या गाईला मिळाले रोज जेमतेम २२ ग्रॅम, त्यातही बरेचसे मीठ! आम्ही जिला बरकत समजलो, ती गाईची उपासमार होती. वर्षभर ती गाभण का राहिली नाही, याचे एक कारण तेव्हा माझ्या ध्यानात आले.

म्हणून गोठ्यात बांधलेल्या दुभत्या जनावराला भुकटीच द्यावी. ओल्या आंबोणात, मापाने. वास नवा असल्याने प्रथम चिमूटभर घालून वाढवत न्यावी. डबा कोरडा ठेवावा. दिवसभर रानात चरणाऱ्या, आंबोण न मिळणाऱ्या जनावरांना मात्र वीट बरी. काहीच नसण्यापेक्षा तिचा आधार मोठा. पण ती टांगताना भिंतीवर तारीख लिहावी. वीट किती दिवस पुरली, याचा आनंद मानण्यापूर्वी गाईच्या पोटात किती गेले, हे पाहावे.