अलीकडचे आणि पलीकडचे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे याचे विज्ञानशाखेच्या मित्रांना हसू येईल. पण याला कारण इतिहासाचा तास आहे. रोमच्या इतिहासात ‘सिसआल्पाइन गॉल’ हा प्रांत भेटला. लॅटिनमध्ये ‘सिस’ म्हणजे अलीकडचा. आल्प्सच्या अलीकडचा खरा, पण कुणाच्या दृष्टीने? रोममध्ये उभा असेल त्याच्या! हाच ‘सिस’ पुढे खोलीतल्या मित्राच्या रसायनाच्या वहीत दिसला आणि मी त्याचा पिच्छा पुरवला.

मॅलेइक आणि फ्युमॅरिक ही दोन आम्ले घ्या. दोन्हींच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे चार-चार अणू. कोण कुणाला जोडलेला तेही सारखेच. तरीही मॅलेइक सुमारे १३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर फ्युमॅरिक सुमारे २८७ अंशांना. पहिले पाण्यात सहज विरघळते, दुसरे जेमतेम. असे का व्हावे?

मधल्या दोन कार्बन अणूंत दुहेरी बंध आहे. एकेरी बंधाभोवती अणूंचे गट फिरू शकतात, दुहेरीभोवती सहसा नाही. म्हणून दोन आम्लगट एकाच बाजूला असले तर तिथेच राहतात. हे सिस, म्हणजे मॅलेइक. विरुद्ध बाजूंना असले तर ते ट्रान्स, पलीकडचे, म्हणजे फ्युमॅरिक. मॅलेइक तापवल्यावर शेजारचे आम्लगट पाणी टाकून सहज एकमेकांस जोडले जातात; फ्युमॅरिकमध्ये ते इतके सोपे नाही. हीच भौमितिक समघटकता. व्हान्ट हॉफने तिचा उलगडा १८७० च्या दशकात केला.

पण दोन्ही कार्बनांवर निरनिराळे गट असले की सिस-ट्रान्स अपुरे पडते. तेव्हा काहन, इन्गोल्ड आणि प्रेलॉग यांचा नियम लावतात: प्रत्येक कार्बनवर ज्या अणूचा अणुक्रमांक मोठा, तो थोरला. दोन्ही थोरले एका बाजूला असले तर ‘झेड’, विरुद्ध असले तर ‘ई’. ही जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत: ‘त्सुझामेन’ म्हणजे एकत्र, ‘एन्टगेगेन’ म्हणजे विरुद्ध. समजा, एका कार्बनवर ब्रोमीन (३५) व क्लोरीन (१७) आहेत, दुसऱ्यावर क्लोरीन व हायड्रोजन. दोन्ही क्लोरीन एका बाजूला असले तर जुन्या रीतीने हा सिस; पण ब्रोमीन आणि पलीकडचा क्लोरीन हे थोरले विरुद्ध बाजूंना, म्हणून नव्या रीतीने ‘ई’!

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. आपल्या पेशींत ऊर्जा तयार होताना फ्युमॅरिक आम्लाची एक पायरी असते. तिथे मॅलेइक चालत नाही.

आमच्या वस्तीला गावात ‘ओढ्यापलीकडची’ म्हणतात. लहानपणी मला वाटे, हे आमचे नावच आहे. आमच्या अंगणातून पाहिले तर पलीकडे गाव आहे, हे फार उशिरा ध्यानात आले. रेणूंची नावे ठेवणाऱ्यांनी मात्र आधी नियम ठरवला; कुणीही, कुठूनही पाहिले तरी नाव तेच येते. मला रसायनशास्त्रातले एवढेच कळले, पण ते आवडले.