पगार, पोती आणि पावसाळा

मावळातले भात झोडून खळ्यावरून घरात आले की कितीतरी घरांत एक छोटा उद्योग सुरू होतो. घरचा कर्ता तळेगावच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो. जाताना मोटारसायकलला इंद्रायणी तांदळाच्या दोन पिशव्या अडकवतो. एक साहेबाला, एक शेजारच्या मशीनवरच्या जोडीदाराला. पुढच्या आठवड्यात दोनाच्या सहा होतात. दिवाळीनंतर निगडीच्या, चिंचवडच्या बायका फोन करू लागतात, ‘दादा, मागच्यासारखाच तांदूळ आहे ना?’ मग एका रात्री जेवणे उरकल्यावर हा कर्ता हळूच विषय काढतो, ‘नोकरी सोडून हाच धंदा पुरता केला तर?’

चूल विझत आलेली असते. म्हातारे वडील काही बोलत नाहीत आणि बायको ताटे उचलायचे थांबते.

तुमच्या घरात असा प्रश्न निघाला असेल किंवा उद्या निघणार असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. ‘नोकरी सोडा’ असे आम्ही म्हणणार नाही आणि ‘सोडू नका’ असेही नाही. परक्याच्या राजीनाम्यावर सल्ला देणे फार सोपे असते. पण त्या रात्री जो हिशेब तोंडी होतो तो बहुधा चुकीचा असतो, म्हणून तो आधी कागदावर मांडू.

समजा, घरचे वीस क्विंटल भात आहे. भरडून त्याचा बारा क्विंटल चांगला तांदूळ निघाला आणि एक क्विंटल कणी निघाली. तांदूळ पंचाहत्तर रुपये किलोने गेला, कणी तीस रुपयांनी. (हे भाव हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे घाला.) एकूण त्र्याण्णव हजार रुपये हाती आले. पाहा, वर्षाला त्र्याण्णव हजार, तेही सुट्टीच्या दिवशी फिरून! मग पूर्ण वेळ दिला तर किती?

इथेच पहिली गफलत होते. ते भात घरचे म्हणून तुम्ही त्याची किंमतच धरली नाही. तीस रुपये किलोने दारात आलेल्या व्यापाऱ्याने ते साठ हजाराला नेलेच असते. ते साठ हजार शेतीचे, विक्रीचे नव्हेत. भरडाई, हमाली, पिशव्या आणि पेट्रोल यांचे तेरा हजार काढा. उरले वीस हजार. तुमची विक्रीची खरी कमाई वर्षाला वीस हजार रुपये आहे. आणि त्यातही घरच्या बाईने रात्री अकरापर्यंत बसून तांदूळ पाखडला, निवडला, पिशव्या भरल्या, त्याची मजुरी अजून धरलेलीच नाही.

आता पगार समजा बावीस हजार आहे. तेवढे, किंवा थोडे जास्त म्हणून महिना पंचवीस हजार विक्रीतून काढायचे तर याच हिशेबाने वर्षाला तीनशे क्विंटल भात हाताखालून गेले पाहिजे. घरचे वीस, म्हणजे दोनशे ऐंशी क्विंटल शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घ्यायचे. मार्गशीर्ष-पौषात, रोखीने, आठ लाख चाळीस हजार रुपये मोजून. शेजारी उधार देणार नाही, आणि त्याने का द्यावे? त्यालाही सोसायटीचे कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे. आणि चुलत्याकडून भात घेऊन पैसे होळीला दिलेत, तर पुढच्या वर्षी चुलताही गेला आणि भातही गेले.

तीनशे क्विंटल भाताचा तांदूळ होतो एकशे ऐंशी क्विंटल. चार माणसांचे घर महिन्याला दहा किलो खाते असे धरा, म्हणजे वर्षाला एकशे वीस किलो. तेव्हा तुम्हाला दीडशे घरे हवीत, जी वर्षभर फक्त तुमचाच तांदूळ शिजवतील. अशी एकनिष्ठ घरे कमी असतात. अर्धा तांदूळ तुमच्याकडून आणि अर्धा वाण्याकडून घेणारी जास्त. तेव्हा तीनशे घरे धरा. आज तुमच्या वहीत किती आहेत ते मोजा. आणि त्यातली किती कारखान्याच्या फाटकाआतली आहेत, तेही मोजा. हे फार महत्त्वाचे आहे. ज्या दिवशी तुम्ही हजेरीपट आणि डबा घेऊन शेवटचे बाहेर पडाल, त्या दिवशी ती गिऱ्हाइके आतच राहतील. साहेब तांदूळ घेत होता तो काही अंशी तांदळासाठी आणि काही अंशी तुम्ही रोज समोर दिसत होता म्हणून. शिवाय आत असताना पगाराच्या दिवशी उधारी आपोआप वसूल होत होती. बाहेरची उधारी वसूल करायला जिने चढावे लागतात.

पगार सोडून विक्रीत उतरलेल्या माणसाचे एक उदाहरण आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे, पण त्याची सुरुवात फार जण विसरतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्या काळी सायकल ही नवलाई होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला धाडत आणि तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत. नुसत्या विकत नसत, तर घेणाऱ्याला फी घेऊन चालवायलाही शिकवत. त्या काळी सायकल घेऊन करायचे काय, बसताच येत नसेल तर? किर्लोस्कर बंधूंची कंपनी आपली सुरुवात १८८८ पासून मोजते. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलले गेले आणि ते नोकरी सोडून बेळगावला आले. इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. ते रागाने आले असतील, पण मोकळ्या जागेवर आले नाहीत. भावाने चालवलेले दुकान तिथे उभे होते आणि गावातले लोक त्या दुकानाला ओळखत होते.

तरीही पुढचे सोपे नव्हते. कडबा कापण्याची यंत्रे झाली, मग लोखंडी नांगर आला. शेतकऱ्याने तो हात लावून पाहिला आणि परत ठेवला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. आज आपण हसतो, पण त्या शेतकऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही घेतला नसता. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत होता, मोडला तर तोच नीट करीत होता. या लोखंडाचे काही बिघडले तर कुणाच्या दारात जायचे? त्या दोन वर्षांत किर्लोस्करांच्या घरात काय बोलणी झाली असतील याचा विचार करून पाहा. पुढे बेळगावची कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला, बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज दिले आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती आपल्या मालाची आणि कारखान्याची हकीगत लोकांपर्यंत पोचवण्यासाठी. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, जे आपल्यापैकी अनेकांच्या आजीने वाचले असेल.

आपल्याला कुणी संस्थानिक माळ देणार नाही, हे खरे. पण भावाने चालवलेले दुकान आधी उभे करणे आपल्या हाती आहे. तुमच्या घरात रामूअण्णा कोण? बहुतेक घरांत ती बायकोच असते, आणि तिला कुणी विचारलेले नसते.

म्हणून भगिनींनो, ही वही तुम्ही तुमच्या हाती घ्या. रोज किती तास पाखडण्यात गेले, किती फोन घेतले, किती गिऱ्हाइकांचे नाव तुम्हाला पाठ आहे आणि मालकांना नाही, ते लिहा. नोकरी सुटल्यावर मालक घरी असतील म्हणजे तुमचे काम हलके होईल असे समजू नका. वीस क्विंटलचे काम तीनशे क्विंटलचे होणार आहे. एक मजूर बाई लावावी लागेल आणि तिची मजुरी वरच्या हिशेबातून जाणार आहे. हे आधी बोलून घ्यावे. भांडण झालेच तर ते भात घेण्याआधी झालेले बरे.

आता मालाविषयी थोडे. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची जात, १९८७ साली आलेली. आंबेमोहोराचा वास तिच्यात उतरला आहे, पण तिचा भात मुळातच थोडा चिकट होतो, आणि नवा तांदूळ तर हमखास होतो. शहरातली बाई पहिल्यांदा पाणी जास्त घालते, गोळा होतो, आणि ती म्हणते, ‘दादा, फसवलंत.’ तेव्हा पिशवी देतानाच सांगा, पाणी कमी घाला, मोकळा पुलाव हवा असेल तर हा तांदूळ तुमच्यासाठी नाही. एखादे गिऱ्हाईक जाईल, पण उरलेले टिकेल. रामूअण्णा सायकलीवर बसायला शिकवत होते ते यासाठीच.

तांदूळ भरडून ठेवू नका. तांदळाला पावसाळ्यात सोंडे लागतात, भाताला टरफलाचे चिलखत असते. दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवलेले भात कणगीत किंवा पोत्यात फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि मागणीप्रमाणे दर पंधरवड्याला भरडून आणा. तीनशे क्विंटल म्हणजे पन्नास किलोची सहाशे पोती. ती ठेवायला घरात जागा आहे का, गळणारे पत्रे कुठले, उंदरांची वाट कोणती, हे आधीच पाहून ठेवा. शेजाऱ्याकडून घेताना प्रत्येक पोत्यात हात घालून पाहा. एका घराच्या भेसळीच्या पोत्याने दहा घरांचे चांगले भात बदनाम होते.

अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी, शिक्का मारलेला काटा, पिशवीवर नाव, पत्ता, निव्वळ वजन, तारीख आणि किंमत, या गोष्टी फार अवघड नाहीत. तालुक्याला एकदोन खेपा होतील. मात्र एक जरूर ध्यानात ठेवा. घरच्या शेतात पिकवलेले विकणे ही शेती आणि शेजाऱ्याचे घेऊन विकणे हा व्यापार. आयकराच्या दृष्टीने दोहोंत फरक आहे. तेव्हा दोन वह्या ठेवा.

विक्रीचे वर्ष पगाराच्या वर्षासारखे सपाट नसते. मार्गशीर्षापासून मागणी चढते. चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरणाऱ्या बायका पोतेपोते नेतात, तेव्हा घरात नोटा मोजायला वेळ नसतो. आणि मग ज्येष्ठ उजाडतो. गिऱ्हाइकांचे डबे भरलेले, मुलांच्या शाळेची फी आलेली, शेतात लावणीची मजुरी चालू आणि फोन गप्प. हे गणपतीपर्यंत चालते. नोकरी सोडून धंद्यात पडलेला माणूस याच तीन महिन्यांत बिथरतो आणि पडेल भावाने माल वाण्याच्या दारात टाकतो. वैशाखातल्या पैशातून पावसाळा बाजूला काढून ठेवला असेल तरच तो तरतो.

याची परीक्षा नोकरीत असतानाच घेता येते. एक वर्ष पगार पोस्टात टाका आणि त्याला हात लावू नका. घर फक्त तांदळाच्या कमाईवर आणि शेतीवर चालवून पाहा. पूर्ण चालणार नाही, वेळ कमी पडेल, तरी ओढ कुठे बसते ते कळेल. वर्ष निभावले तर पोस्टातले पैसे पुढच्या भाताच्या खरेदीला भांडवल म्हणून उभे. नाही निभावले तर पैसे आहेत तिथेच आहेत आणि सातच्या पाळीची बस दारावरून जातेच आहे. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे मात्र भातात घालू नका. कामगार विम्याचा दवाखाना सुटला की पहिले आजारपण त्याच पैशावर येते.

घरात लग्नाचा मुलगा असेल आणि नोकरी त्याचीच असेल, तर आणखी एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. मुलीकडचे ‘कंपनीत आहे’ हे ऐकून चहा घेतात आणि ‘तांदूळ विकतो’ हे ऐकून उठतात. हे योग्य आहे असे आमचे म्हणणे नाही; आम्हाला तर त्याचा रागच येतो. पण वडील त्या रात्री गप्प बसले होते ते बहुधा यामुळे. त्यांना भित्रे समजू नका, वहीतला आकडा त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांनाच पोती मोजायला सांगा. भाताची पारख त्यांच्याइतकी घरात कुणालाच नाही.

आणि एवढे सगळे पाहून, वर्ष काढून, दीडशेची तीनशे घरे वहीत झाली असतील आणि त्यांतली निम्मी फाटकाबाहेरची असतील, तर राजीनामा जरूर लिहा. फक्त तो दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर लिहा. नोटिशीचा महिना संपेपर्यंत खळी उरकलेली असतात, शेजाऱ्यांचे भात वाळून तयार असते, आणि तुम्हाला पहिल्याच सकाळी, पाळीच्या वेळेला, काटा घेऊन कुणाच्या तरी अंगणात हजर व्हायचे असते.