चाल कोणाची, किती आणि केव्हा लागली?

गणेशोत्सवात मुंबईकर चाकरमानी नांदगाव रोड स्थानकावर उतरले की सिंधुदुर्गातील घरे भरून जातात, आणि आरती-भजने आटोपल्यावर जागरणासाठी पडवीत पत्ते पिसले जाण्याची रीत या भागात जुनी आहे. मेंढीकोट किंवा बदाम सात चालू असेपर्यंत तंट्याला फारसे कारण नसते. तीन पत्ती सुरू झाली किंवा गोव्याच्या कॅसिनोंतून आणि मोबाइलमधून ओळखीचा झालेला पोकर कोणी मांडला की मात्र ‘मी चाल लावली नव्हती, नुसते पैसे पुढे केले होते’ अशा वादांना तोंड फुटते. यामागे दर वेळी लबाडीच असते असे नाही. चार घरांच्या चार रीती एका चटईवर येतात आणि कोणती रीत लागू आहे हे पहिले पान वाटण्याआधी कोणी विचारलेले नसते.

तीन पत्तीत प्रारंभी प्रत्येकाने टाकायच्या रकमेस बूट म्हणतात. पाने न पाहता खेळणारा ‘ब्लाइंड’ असतो आणि पाने पाहिलेल्याला त्याच्या किमान दुप्पट व फार तर चौपट रक्कम लावावी लागते. ब्लाइंडचा भाव दहा रुपये असताना पाने पाहिलेल्या खेळाडूने न बोलता पन्नासाची नोट टाकली, तर ती वीसची चाल समजून तीस परत द्यायचे, की चाळीसची समजून दहा, हा प्रश्न घरोघर पडतो. पोकरमध्ये याचे उत्तर ठरलेले आहे: समोर पैज लागलेली असताना कोणी मोठ्या किमतीची एकच चकती मुकाट्याने टाकली, तर त्याने रक्कम वाढवलेली नसून फक्त बरोबरी केली आहे, असे धरले जाते. हाच न्याय लावला तर नोट टाकणाऱ्याची चाल वीसची ठरते, आणि ज्याला चाळीस लावायचे असतील त्याने नोट हातातून सुटण्यापूर्वी तसे सांगावे लागते. ब्लाइंड खेळणाऱ्याने पैसे टाकल्यावर पानांचा कोपरा उचलून पाहिला, तर ती चाल ब्लाइंडचीच राहून तो पुढच्या खेपेपासून पाहिलेला गणला जावा. मात्र पैसे पडण्याआधीच त्याने पाने पाहिली असतील तर त्याच वेळी दुप्पट द्यावेत.

स्पर्धांमधील पोकरसाठी 2001 साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनने आणि बॉब सियाफोन यांनी संकलित केलेल्या ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर’ या नियमावलीने अशा प्रसंगांचा बारकाईने विचार केला आहे. पाळी आल्यावर उच्चारलेला स्पष्ट शब्द बंधनकारक असतो. चित्रपटात शोभणारे ‘तुमचे पन्नास, आणि वर माझे शंभर’ हे वाक्य टेबलावर चालत नाही, कारण ‘तुमचे पन्नास’ म्हणताच बरोबरी पूर्ण होते. पैसे दोन हप्त्यांत सरकवण्यालाही त्याच कारणाने मनाई असून त्याला ‘स्ट्रिंग बेट’ म्हणतात. पहिला हप्ता पडताच प्रतिस्पर्ध्याचा चेहरा वाचून दुसऱ्याचा निर्णय घेण्याची संधी त्यात मिळते, मग तसा हेतू असो वा नसो. हेतू कोणालाच तपासता येत नाही, कृती सर्वांना दिसते, म्हणून निवाडा कृतीवर करावा आणि संदिग्धतेचा फायदा ती निर्माण करणाऱ्याला मिळू देऊ नये, हे या नियमांमागचे खरे सूत्र आहे.

अर्धवट वाढीचा निकालही याच सूत्राने लागतो. शंभराच्या पैजेवर किमान वाढ दोनशेपर्यंतची असताना कोणी अनेक चकत्या मिळून 160 मुकाट्याने टाकले, तर वाढीचा निम्म्याहून अधिक भाग पडला असल्याने त्याने दोनशे पुरे करायचे असतात. 140 टाकले असतील तर ती बरोबरी ठरून चाळीस परत मिळतात. पाळी सोडून लावलेली पैज मधल्या खेळाडूंनी रक्कम न वाढवल्यास कायम राहते, आणि कोणी वाढवल्यास ती मागे घेता येते. पाळी नसताना ‘पॅक’ म्हणून पाने टाकणाऱ्याला मात्र ती परत उचलू देऊ नयेत, कारण त्याच्या जाण्याची बातमी आधीच फुटलेली असते.

कॅसिनोत वाद मिटवायला पाने वाटणारा कर्मचारी, त्याच्यावरचा पर्यवेक्षक आणि कॅमेरा असतो. घरात यांपैकी काहीच नसल्याने तो डाव ज्याने आधीच सोडला आहे अशा एखाद्याचा शब्द अखेरचा मानणे सोयीचे. यजमान त्या डावात असेल तर त्याने निवाडा करू नये. नवख्याला एकदा सवलत देणे सभ्यपणाचे आहे, पण पुढच्या खेळाडूने त्या चालीवर विसंबून आपली चाल केली असेल तर नाही, कारण तेव्हा ती सवलत दुसऱ्याच्या खिशातून जाते.

या तंट्यांना बाहेर दादही नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानताना तीन पानांच्या फ्लशला, म्हणजे तीन पत्तीसारख्या खेळाला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले होते. म्हणून नाणी-चकत्यांऐवजी चिंचोके घेऊन खेळणे सर्वांत निर्धोक, आणि त्यालाही वरचे सगळे नियम जसेच्या तसे लागू पडतात. यजमानाने डावामागे नाल, म्हणजे जागेचा वाटा, काढायला सुरुवात केली, तर 1887 च्या मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंधक कायद्याखाली त्याचे राहते घर जुगाराचा अड्डा ठरू शकते.